खात्रीचा हिरवा दिवा

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. पण माझ्या उजेडात कोणी कधी पुस्तक वाचले नाही की सुईत दोरा ओवला नाही. माझ्या अंगाला दोन काचा आहेत, वरची लाल आणि खालची हिरवी. दोहोंपैकी एक लागावी आणि खोलीतल्या माणसांना आपले काम बरोबर आहे की चूक ते कळावे, एवढेच माझ्याकडून मागितले गेले. त्याची हकिकत सांगायला बसलो आहे खरा, पण ती मला धड सांगता येईल का, याची शंकाच आहे. दिव्याला बोलायची सवय कुठे असते? अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याची टोपी, रबराच्या चकत्या, चार स्क्रू आणि दोन काचा, एवढाच माझा देह. माझ्या काचा एका बाईने बसवल्या. तिच्या बोटांना कायम सरस चिकटलेला असे. काच बसली की ती बोटाच्या पेराने टकटक करून बघे आणि म्हणे, "हं, जा आता. नीट राहा." माझ्यासारखे दिवे मोठ्या यंत्रांच्या डोक्यावर बसतात. यंत्र चालू असले की हिरवा, बंद पडले की लाल. माझे सगळे भाऊबंद तिकडेच गेले. मी मात्र अशा खोलीत येऊन पडलो, जिथे एकही यंत्र खडखडत नव्हते. तिथे माणसे दिवसभर खुर्चीवर बसत, पडद्याकडे बघत आणि कळा बडवत.

मला तिथे आणले गुरुजींनी. हे गुरुजी शाळेतले नव्हेत. ते संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत. पण खिडकी का अडकते एवढे सांगायचे असले तरी फळ्यापाशी जाऊन आकृती काढत, म्हणून त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांनीच स्टुलावर चढून मला दाराच्या वर ठोकले, खाली उतरून मान वाकडी करून पाहिले आणि म्हणाले, "जरा तिरका बसलाय. असू दे. आपलंही सगळं कुठे सरळ आहे?"

त्या खोलीत रुग्णालयांसाठी एक घंटा तयार होत होती. खाटेवरच्या माणसाने उशाजवळचे बटण दाबायचे, की टेबलाशी बसलेल्या सिस्टरच्या फलकावर त्या खाटेचा आकडा उजळायचा आणि टिंगटिंग व्हायचे. ऐकायला किती सोपे! पण बटणापासून फलकापर्यंतचा निरोप चार-पाच प्रोग्रॅमांच्या हातांतून जाई, आणि ते वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले होते. एकेकटा प्रत्येक प्रोग्रॅम शहाणा; एकमेकांना जोडल्यावर कोण कोणाच्या पायात पाय घालील, याचा नेम नसतो. म्हणून त्यांच्या जोडणीच्या चाचण्या घेत. चाचणी म्हणजे लुटुपुटूचा खेळच. संगणकाच्या पोटात एक खोटी खाट मांडायची, तिच्यावर एक खोटा रुग्ण निजवायचा, खोटे बटण दाबायचे आणि खोटा फलक लगेच उजळतो का ते बघायचे. अशा शेकडो चाचण्या एकदम चालत. कोणी औषधांची यादी तपासे, कोणी ताप-नाडीच्या नोंदी. सगळ्या पार पडल्या की मी हिरवा. एक जरी फसली, त्यांच्या भाषेत ‘पडली’, तरी मी लाल.

या चाचण्या लिहिणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. वयाने मोठे असलेले गुरुजीसुद्धा.

सुरुवातीचे माझे दिवस मोठ्या मानाचे होते. मी लाल झालो की खुर्च्या गर्रकन फिरत. खाणाऱ्याचा घास हातात राही. ज्याच्या हातून चूक झाली असेल तो डोके खाजवत उभा राही आणि ती निस्तरल्याशिवाय कोणी दुसऱ्या कामाला हात लावत नसे. मग मी हिरवा झालो की कोणीतरी टेबलावर थाप मारून म्हणे, "लागला बुवा!" तेव्हा मला वाटे, माझा जन्म सार्थकी लागला.

एके दिवशी मी लाल झालो आणि कोणाचेच काही चुकलेले नव्हते. सकाळपासून कोणी एक अक्षरही बदलले नव्हते.

"दिवा रुसला वाटतं," गुरुजी म्हणाले.

"दिवा कशाला रुसेल? घंटेची चाचणी पडलीय," ताई म्हणाल्या.

"परत चालवून बघा."

परत चालवली. मी हिरवा झालो.

"बघा, गेला रुसवा!"

त्या दिवशी सगळे हसले आणि कामाला लागले. पण हे पुन्हा झाले, आणि मग वरचेवर होऊ लागले. कधी लाल, कधी हिरवा, आणि कारण विचाराल तर काहीच नाही. हळूहळू खोलीत एक रीतच पडली. लाल दिसला की दाराजवळच्याने "परत!" म्हणून ओरडायचे आणि ज्याचा हात मोकळा असेल त्याने चाचण्या पुन्हा सुरू करायच्या. दोनदा करा, तीनदा करा, एकदा हिरवा लागला की आधीचे लाल कोणी जमेस धरत नसे. खुर्च्या फिरेनाशा झाल्या. एकाने तर हिवाळ्यात आपली लोकरी टोपी माझ्या लाल काचेवर अडकवली आणि म्हणाला, "थंडी वाजते त्याला, म्हणून लाल होतोय." ती टोपी बरेच दिवस तिथेच होती.

मी काय करणार? मला वाटू लागले की दोष माझ्यातच आहे. कुठे तार सैल असेल, कुठे गंज चढला असेल. गुरुजींनी एकदा स्टुलावर चढून माझी तार बदलली, आतली धूळ फुंकली. तरी मी तसाच. तेव्हा मी मनाशी धरून चाललो, की आपण मुळातच भरवशाचे नाही.

त्याच सुमारास ताईंच्या वडिलांच्या घशात गाठ निघाली. त्यांना घरात अण्णा म्हणत.

"स्वरयंत्र काढावं लागणार आहे," ताईंनी गुरुजींना सांगितले. "गळ्याला भोक पाडून नळी बसवतील. श्वास तिथूनच. आवाज मात्र कायमचा जाणार."

"अण्णांचा आवाज?" गुरुजींचा विश्वासच बसेना. "अहो, ते फोनवर बोलतात तेव्हा मला इथे, या टेबलावर ऐकू येतं!"

"हो. तोच."

"कुठल्या हॉस्पिटलात?"

ताईंनी नाव सांगितले. आमची घंटा पहिल्यांदा त्याच रुग्णालयात बसणार होती. ज्याला हाक मारता येणार नाही, त्या माणसाच्या उशाशी तेच एक बटण असणार होते.

त्या दिवशी ताईंनी माझ्या काचेवरची टोपी काढली, झटकली आणि ज्याची होती त्याच्या मांडीवर टाकली. मग त्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणजे त्या खोलीचे मुख्य. वाईट माणूस नव्हे. पण तारीख जवळ आली की त्यांना तारखेपलीकडचे काही दिसत नसे.

"ताई, तीनातून दोनदा तरी हिरवा येतोच ना?" ते म्हणाले.

"आणि तिसऱ्या वेळी खाटेवर माझे अण्णा असले तर?"

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बरं बाई. शोधा. पण घंटा ठरल्या दिवशी द्यायची म्हणजे द्यायची. तोवर मला खात्रीचा हिरवा पाहिजे."

ताई कामाला लागल्या. साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते बघायचे, असा त्यांचा शिरस्ता. आधी त्यांना संगणकांच्या घड्याळांचा संशय आला. घड्याळे बरोबर होती. मग वाटले, आदल्या चाचणीचा पसारा मागे राहत असेल; दर वेळी सगळे धुऊनपुसून कोरे केले, तरी मी मधूनच लाल. चाचण्यांचा क्रम उलटा केला, संगणक बदलून पाहिला. ताईंच्या नाकी नऊ आले. दुपारी त्या डबा उघडत आणि तसाच मिटवून ठेवत. मी लाल झालो की वर बघत. पण त्या बघण्यात राग नसे. "नक्की कुठे दुखतंय रे?" असे डॉक्टरने विचारावे, तसे बघत.

शेवटी त्यांनी बाकीच्या सगळ्या चाचण्या थांबवल्या आणि घंटेची एकटीच चालवली. हिरवा. पुन्हा चालवली, हिरवा. दिवसभर चालवत राहिल्या आणि मी दिवसभर हिरवा राहिलो. मग बाकीच्या चाचण्या पुन्हा बरोबर घेतल्या, आणि थोड्याच वेळात मी लाल.

"गुरुजी, इकडे या! सापडलं!"

"काय सापडलं?"

"ही एकटी असली की कधीच पडत नाही. बाकीच्यांबरोबर चालवली की अडते. आणि ती ताप-नाडीच्या नोंदींची जाडजूड चाचणी शेजारी आली, की हमखास."

गुरुजी मनापासून हसले. "म्हणजे माणसासारखीच की! घरात चुरूचुरू बोलायचं आणि चारचौघांत गेलं की वाचा बसायची."

साहेब बाहेर आले. त्यांना सांगितले, तेही हसले. कित्येक दिवसांनी ताईसुद्धा हसल्या.

"मग बसवा तिला वेगळी," साहेब म्हणाले. "आधी घंटेची चाचणी एकटी होऊन जाऊ दे. मग तो बाकीचा गोतावळा सोडा."

"तसंच करते," ताई म्हणाल्या. "घंटेत काही खोट नव्हती म्हणजे. शेजारणीच त्रास देत होत्या बिचारीला."

मित्रांनो, ते वाक्य बोलले गेले तेव्हा खोलीत बिनडोक असे कोणीच नव्हते. सगळे शिकलेले, सगळे कष्टाळू, आणि ताई तर त्यांच्यात सर्वांत काटेकोर. घंटेची चाचणी वेगळी बसवली गेली. त्या दिवसापासून मी जो हिरवा झालो तो हिरवाच राहिलो. साहेबांनी येताजाता माझ्याकडे बोट दाखवून पाहुण्यांना सांगावे, "खात्रीचा आहे हा." ताईंचे सर्वांसमोर कौतुक झाले, टाळ्या वाजल्या. मीही फुशारलो. आपण भरवशाचे झालो, असे मला वाटले.

ठरल्या दिवशी घंटा रुग्णालयात बसली. अण्णांची शस्त्रक्रियाही झाली. ताई चार दिवसांनी कामावर आल्या, तेव्हा थकलेल्या होत्या, पण चेहरा उजळला होता.

"काल अण्णांना बटण दाखवलं," त्या गुरुजींना म्हणाल्या. "दुपारची वेळ, वॉर्ड अगदी सामसूम. दाबलं मात्र, सिस्टर हजर! अण्णांना कोण आनंद! शेजारच्या खाटेवर एक आजोबा आहेत, त्यांना खुणा करून सांगत होते. आधी बटण दाखवलं, मग मला, मग स्वतःच्या छातीवर हात मारला."

"माझ्या लेकीनं केलंय म्हणून!"

"हो ना. सिस्टर अण्णांना म्हणाली, सारखं दाबू नका हं, खेळणं नाही ते. तर तिच्याकडे बघून डोळा मारला!"

पुढचे सगळे ताईंनी नंतर तुटक तुटक सांगितले, तेवढेच मला ठाऊक आहे.

सकाळी डॉक्टरांच्या फेरीआधी वॉर्डातल्या सगळ्या खाटांच्या ताप-नाडीच्या नोंदी एकदम पाठवल्या जात. त्या नोंदी आणि घंटेचा निरोप एकाच वाटेने जात असत. वाट अरुंद, नोंदींची रांग लांबलचक, आणि घंटेचा निरोप मुकाट्याने रांगेच्या शेपटाला उभा. अशा एका सकाळी अण्णांच्या गळ्यातल्या नळीत कफ अडकला. त्यांनी बटण दाबले. फलक अंधारा. पुन्हा दाबले, पुन्हा दाबले. सिस्टर पडद्याच्या पलीकडेच बसली होती, मान खाली घालून लिहीत. साधी हाक आली असती, तर ती दोन ढांगांत पोचली असती. अण्णांकडे हाक नव्हती. ते छाती धरून खाटेवरून उतरले, एक पाऊल टाकले आणि कोसळले.

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी आरडाओरडा केला, म्हणून सिस्टर धावली. नळी मोकळी झाली, जीव वाचला. खुब्याचे हाड मात्र मोडले. आणि मग फलक उजळला. अण्णांनी जितक्यांदा बटण दाबले होते, तितक्यांदा टिंगटिंग झाले. तेव्हा अण्णा जमिनीवर पडलेले होते.

ताई परत आल्या त्या दिवशी त्यांना अण्णा कसे आहेत म्हणून विचारायचा कोणाला धीर झाला नाही. त्या खुर्चीवर बसल्या आणि वेगळी बसवलेली चाचणी उचलून पुन्हा बाकीच्यांच्या घोळक्यात टाकली. मी लाल झालो.

"परत!" दाराजवळचा एक जण सवयीने ओरडला.

मग त्याच्या लक्षात आले. त्याने मान खाली घातली.

"दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, ताई," गुरुजी हळूच म्हणाले. "आपण चाचणी बरी केली आणि घंटा तशीच ठेवली."

"आपण नाही. मी केली." ताईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. "मला दिसत होतं हो, गुरुजी. बाकीच्यांबरोबर अडते, हे मीच शोधलं ना? मग हॉस्पिटलात घंटा कधी एकटी असते का, एवढं विचारायला काय झालं होतं मला?"

"मी तर विनोद केला त्याच्यावर," गुरुजी म्हणाले.

साहेब दारात उभे होते. "तारीख माझी होती," ते म्हणाले. ते आत गेले आणि रुग्णालयाला फोन लावून, घंटेवर विसंबू नका, प्रत्येक खाटेपाशी माणूस ठेवा, असे सांगत बसले.

पुढचे कित्येक दिवस मी लाल होतो, आणि कोणी मला हिरवा करायची घाई केली नाही. गुरुजींनी फळ्यावर वाटांचे नकाशे काढले आणि पुसले. अखेर घंटेला तिची स्वतःची वाट मिळाली. नोंदी थांबतील, रांग लावतील, पण घंटेचा निरोप थांबणार नाही. ताईंनी घंटेच्या चाचणीभोवती मुद्दाम आणखी गर्दी केली, नोंदींच्या चाचण्या दुप्पट केल्या, चौपट केल्या. मी हिरवा लागलो. तो हिरवा खरोखर खात्रीचा होता, पण त्या दिवशी टेबलावर कोणी थाप मारली नाही. ताईंनी माझ्याकडे पाहिले, डबा पिशवीत घातला आणि त्या रुग्णालयात गेल्या.

त्यानंतरची माझी कहाणी थोडीच आहे. लाल-हिरव्याची खबर प्रत्येकाच्या फोनवर यायला लागली. दाराच्या वर बघायची गरज कोणाला उरली नाही. भिंतींना रंग देताना मला उतरवले ते परत चढवायचे राहून गेले. आता मी अडगळीच्या खोलीत एका मोडक्या खुर्चीवर पडून आहे. तार तोडलेली आहे. हिरव्या काचेला तडा गेला आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. ज्याचे वाटते ते निराळे.

मध्यंतरी ताई आणि गुरुजी या खोलीत आले होते. अण्णांच्या खाटेजवळ ठेवायला ताईंना एक लहान टेबल हवे होते.

"उठून बसतात का अण्णा?" गुरुजींनी विचारले.

"बसवलं तर बसतात. चालणं संपलं."

"घरी घंटा बसवलीत म्हणाला होतात."

"बसवली ना. आपलीच. लगेच वाजते. मी रोज स्वतः दाबून बघते."

"मग झालं तर."

"अण्णा तिला हात लावत नाहीत, गुरुजी."

"मग तुम्हाला बोलावतात कसं?"

"वाटी आणि चमचा." ताईंनी टेबलावरची धूळ तळहाताने पुसली. "उशाशी घेऊन निजतात. काही लागलं की वाजवतात. मी किती समजावलं, अण्णा, आता पक्की केलीय, माझं ऐका. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रागावले नाहीत हो. मला वाटलं, पटलं त्यांना. मी स्वयंपाकघरात गेले, आणि पाणी हवं होतं तर वाटीच वाजवली."

गुरुजींनी टेबलाची एक बाजू धरली, ताईंनी दुसरी. दारातून ते तिरके करून न्यावे लागले. मग दार लागले.

मित्रांनो, मी अंधारात पडून याच गोष्टीचा विचार करतो. बिघडलेली वस्तू दुरुस्त करता येते. उडालेला विश्वास कोणत्या स्टुलावर चढून, कोणती तार बदलून परत बसवायचा, हे मला अजून उमगलेले नाही. तुमच्या आसपास एखादे यंत्र, एखादे जनावर, एखादे भावंड असे असेल, की जे एकटे असले तर ठीक असते आणि दहाजणांत अडते. त्याला लहरी म्हणू नका. "परत कर" म्हणून पाठ फिरवू नका. आणि त्याला वेगळे बसवून सगळे छान झाले असे तर मुळीच मानू नका. त्या दहाजणांत त्याच्या वाट्याला काय येते, ते जवळ जाऊन बघा. लाल दिव्याचा कंटाळा येतो, रागही येतो, हे मी जाणतो. मी पुष्कळदा लाल झालो आहे. पण लाल दिवा लागतो, तेव्हा कोणी अजून पडलेले नसते. तेवढ्यात बघून घ्या.